कुर्लीचे बालपण आणि आपल्या खाड्या

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखनिविष्ट पाठ)



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यपरंपरा आणि गोमंतकीय मराठी पत्रसृष्टी ह्या विषयांच्या पंक्तीला कुर्ली येऊन बसावी, ह्याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. ज्या प्रदेशात हे वाचनालय शंभर वर्षे उभे आहे, त्याच्या दोन्ही अंगांनी खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. ह्या पाण्यात काय घडते हे जाणणे म्हणजे आपल्याच अंगणाची माहिती करून घेणे होय. एरवी मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, तेव्हा माझ्याकडून ह्याहून वेगळे काही अपेक्षिणेही फारसे न्याय्य नव्हे.

कुर्ली आपणा सर्वांना ठाऊक आहे, पण ती ताटातली. बाजारात पायांना दोरी बांधून ठेवलेली, तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी. बोटाच्या नखाएवढी कुर्ली कोणी पाहिली आहे काय? हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारीत असे, आणि खाडीकाठची दोन-तीन मुले सोडली तर हात वर होत नसत. मोठी कुर्ली ज्या अर्थी आहे त्या अर्थी लहानही असलीच पाहिजे. मग ती असते कोठे? मोठी होईपर्यंत ती कोणत्या जागी राहते, काय खाते, कोणापासून लपते, आणि ती जागा नाहीशी झाली तर तिचे काय होते? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरू. आपण कुर्ली म्हणतो, मुंबई-रायगडकडे चिंबोरी म्हणतात, घाटावर सगळ्यालाच खेकडा. खाडीतल्या ज्या मोठ्या खेकड्याविषयी मी बोलणार आहे त्याची शास्त्रीय प्रजाती सिल्ला. ह्या प्रजातीत जाती किती, ह्यावर विद्वानांचा दीर्घकाळ वाद चालला. १९९८ साली झालेल्या फेरमांडणीत चार जाती निश्चित झाल्या आणि त्यांपैकी दोन आपल्याकडे आढळतात: एक मोठी हिरवट, सिल्ला सेराटा, दुसरी आकाराने लहान व तांबूस, सिल्ला ऑलिव्हेशिया. जुन्या भारतीय ग्रंथांत व शोधनिबंधांत 'सेराटा' हे नाव पुष्कळदा ह्या धाकट्या जातीला दिलेले आढळते, तेव्हा जुने आकडे वाचताना सावध राहावे लागते. दोघींच्या सवयींतही फरक आहे. धाकटी कांदळवनात बिळे करून राहणारी. थोरली बिळापेक्षा मोकळ्या चिखलात आणि पाण्यात हिंडणारी.

आता जन्माची कथा. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजपुत्रांना खेकड्यांची उपमा दिली आहे; ते आपल्या जन्मदात्यालाच खातात म्हणून. खेकड्याची पिल्ले आईचे पोट फोडून बाहेर येतात ही समजूत आपल्याकडे आजही आहे. ही समजूत कोठून आली असावी हे ओढ्यातल्या मुठ्याची मादी पाहिली म्हणजे उलगडते. गोड्या पाण्यातला हा खेकडा आपली थोडकी, मोठाली अंडी पोटाच्या झडपेखाली धरतो; त्यांतून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात आणि काही काळ तेथेच बिलगून राहतात. झडप उघडून पिल्ले सांडताना पाहणाऱ्याला पोट फुटल्यासारखे वाटले तर नवल नाही. आई मात्र मरत नाही.

खाडीतल्या कुर्लीची रीत अगदी निराळी. ती थोडकी मोठी अंडी घालीत नाही. तिची अंडी लाखांनी, पुष्कळदा दहा लाखांच्याही वर मोजावी लागतात, आणि ती खाडीत फुटत नाहीत. अंडी धारण करणारी मादी खाडी सोडून समुद्रात जाते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस कार्पेंटारियाच्या आखातात अशा माद्या कोळंबीच्या ट्रॉलरांना किनाऱ्यापासून सुमारे ९५ किलोमीटरपर्यंत सापडल्या आहेत. आयुष्यभर चिखलात वावरणारा हा प्राणी प्रसूतीसाठी एवढा प्रवास का करतो? उत्तर पाण्याच्या क्षारतेत आहे. अंड्यातून निघणारा पहिला डिंभ, ज्याला झोइया म्हणतात, तो दर हजारी १७-१८ भागांखालच्या क्षारतेत तग धरू शकत नाही, आणि समुद्राची क्षारता दर हजारी ३५ च्या आसपास असते. आपली मांडवी आषाढात पाहा: वरून येणाऱ्या लाल पाण्याने ती जवळजवळ मुखापर्यंत गोडी होते. अशा पाण्यात अंडी फुटली तर सारा वंश एका पावसात संपेल.

झोइया हा खेकड्यासारखा मुळीच दिसत नाही. मोठे डोळे, पाठीवर काटा, मागे शेपटी आणि पाण्याबरोबर वाहणे हेच जीवन. पाच वेळा रूप पालटत तो दोन-तीन आठवडे काढतो. मग येतो मेगॅलोपा: नांग्या फुटलेल्या, पण शेपटी अजून मागे पसरलेली, अर्धा खेकडा, अर्धी कोळंबी म्हणावी असा. आठवडाभराने किंवा थोड्या अधिक काळाने तो कात टाकतो आणि सुमारे चार मिलिमीटर रुंदीची पहिली खरी कुर्ली जन्माला येते. लाखो अंड्यांतून ह्या टप्प्यावर किती पोहोचतात, हे सांगण्यापेक्षा एवढेच म्हणतो की समुद्रातल्या बहुतेक सर्व लहानमोठ्या माशांचे पोट ह्यांवर भरते.

येथून आपला विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो. ही चार मिलिमीटरची कुर्ली कोठे उतरते?

सर्वसाधारण समज असा की मेगॅलोपा स्वतःच योग्य जागा निवडून तेथे स्थिरावतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ह्या समजाची परीक्षा घेतली. टाक्यांमध्ये सागरी गवत, चिखल आणि वाळू असे तीन प्रकारचे तळ तयार केले आणि मेगॅलोपा व नुकत्याच घडलेल्या इवल्या कुर्ल्या त्यांत सोडल्या. मेगॅलोपाने कोणतीच विशेष आवड दाखवली नाही. इवल्या कुर्ल्यांनी मात्र ठामपणे गवत पसंत केले. म्हणजे डिंभ असेपर्यंत त्याला घराची फिकीर नसते. पाय फुटले की लगेच ओसरी शोधण्याची घाई. मला हा निष्कर्ष फार बोलका वाटतो, कारण त्यामुळे आपण जपायची जागा कोणती, हा प्रश्नच थोडा बदलतो. डिंभ वाहत येऊन जेथे पडेल तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आडोसा असला पाहिजे.

आडोशाची एवढी निकड का? तांबोशीसारखे खाडीतले मासे, बगळे, पाणमांजरे हे शत्रू आहेतच. परंतु लहान कुर्लीचा सर्वांत मोठा शत्रू दुसरी कुर्लीच असते. वाढायचे म्हणजे कात टाकायची, आणि कात टाकली की नवे कवच कठीण होईपर्यंत ती लोण्याच्या गोळ्यासारखी मऊ व असहाय. प्रौढ होईपर्यंत तिला पंधरा-एक वेळा ह्या प्रसंगातून जावे लागते. त्या काही तासांत शेजारची थोडी मोठी बहीण भेटली तर नाते आठवत नाही. बीजोत्पादन केंद्रांतही ह्याच कारणाने टाक्यांमध्ये जाळ्यांचे तुकडे, नळ्या असे आडोसे ठेवावे लागतात. (अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्या घरांतून सांगतात. चंद्राचा हिशेब काही असो. पोकळ कुर्ली ही बहुधा नुकतीच कात टाकलेली असते, एवढे मात्र खरे. नवे कवच मोठे, आतले शरीर अजून जुन्याच मापाचे.)

पुढच्या वयासंबंधी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा अभ्यास १९८२ सालचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, ब्रिस्बेनजवळच्या मोरटन उपसागरात, हिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कोणत्या वयाच्या कुर्ल्या कोठे असतात ह्याची बारकाईने पाहणी केली. त्यांनी कवचाच्या रुंदीवरून तीन गट पाडले. २० ते ९९ मिलिमीटरच्या लहान कुर्ल्या कांदळवनातच राहत. ओहोटीला पाणी पार निघून गेले तरी त्या वन सोडीत नसत. १०० ते १४९ मिलिमीटरच्या अर्धवयस्क कुर्ल्या भरतीबरोबर चिखलाच्या उघड्या पट्ट्यावर चरायला येत आणि ओहोटीबरोबर खोल पाण्यात परतत. त्याहून मोठ्या, प्रौढ कुर्ल्या मुख्यतः खोल पाण्यातच. क्वचित भरतीच्या वेळी वर येणाऱ्या.

एकाच प्राण्याची ही तीन घरे झाली. मला ह्यात आपल्या जुन्या घरांची आठवण येते: मूल माजघरात, थोडे वाढले की अंगणात, आणि कर्त्या वयात बाहेर. पण उपमा फार ताणू नये. मूल रात्री माजघरात परतते, कुर्ली परतत नाही. मुद्दा हा की ह्या तिन्ही जागा एकमेकींना लागून असाव्या लागतात. कांदळवन आहे पण त्यापुढचा चिखलाचा पट्टा उपसून टाकला, तर माजघरातून बाहेर पडायला दार नाही. चिखल आहे पण मागचे वन तोडले, तर अंगणात येण्याइतके मूल वाढणारच नाही.

कांदळवन लहान कुर्लीला नेमके काय देते? आपल्या खाडीकाठी जाऊन ओहोटीच्या वेळी पाहावे. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून वर आलेली बोटभर श्वसनमुळे शेकड्यांनी उभी असतात; कांदळाची कमानदार मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. पाणी निघून गेल्यावरही त्यांच्या बुंध्याशी डबकी राहतात, सावली असते, चिखल तापत नाही. मोठ्या माशाला तेथे शिरता येत नाही. आणि अन्न तर पायाशीच: गळून कुजलेली पाने, त्यांवर वाढणारे सूक्ष्म जीव, बारीक गोगलगायी व शिंपले, छोटे खेकडे. कुर्ली ही मुख्यतः कवचवंतांवर जगणारी आहे. चपळ मासा पकडणे तिला क्वचितच साधते. म्हणून शिंपले-गोगलगायींनी भरलेला चिखल हेच तिचे शेत.

गोव्यात कांदळवनाचे क्षेत्र सुमारे २५ ते ३० चौरस किलोमीटर आहे. चोडण बेटावरील पक्षी अभयारण्य, जे १९८८ साली घोषित झाले, ते अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे. पण मांडवीच्या काठचे सर्वांत परिचित तिवरवन तेच. सागरी गवतही आपल्याकडे अगदीच नाही असे नव्हे. हॅलोफिला बेकारी नावाची नखाएवढ्या पानांची जात आपल्या खाड्यांच्या चिखलावर ठिकठिकाणी असते. पायाखाली आली तर शेवाळे समजून कोणीही पुढे जाईल. नव्या जन्मलेल्या कुर्लीचे पहिले घर कदाचित ह्याच हिरव्या पुसटशा पट्ट्यात असेल, हे लक्षात घेता त्याकडे जरा आदराने पाहावे.

परंतु गोव्याच्या खाड्यांविषयी बोलताना केवळ कांदळवनावर थांबणे म्हणजे अर्धे बोलणे. आपल्याकडे सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी खाडीचा तळ बांध घालून अडवला, त्यात कोरगुटासारखे खारे पाणी सोसणारे भात पिकवले, आणि बांधाला मानस ठेवली. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीला उघडतात. अशी साधी, अशी हुशार यंत्रणा दुसरीकडे फार थोडी आढळेल. भात निघाल्यावर ठरावीक प्रमाणात खारे पाणी आत घेण्याची रीत पुष्कळ गावांत होती. त्या पाण्याबरोबर कोळंबीची, माशांची आणि कुर्लीची पिल्ले आत येत, शांत पाण्यात वाढत, आणि ओहोटीच्या वेळी मानशीला लावलेल्या जाळ्यात सापडत. ह्या मासळीच्या हक्काची पावणी होई व त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी चाले.

लहान कुर्लीच्या दृष्टीने पाहिले तर खाजनाच्या आतील पोंय, म्हणजे तो आतला ओहोळ, हे आडोशाचे, अन्नाचे, मोठ्या शत्रूंपासून सुरक्षित असे घर. आणि मानस हे त्या घराचे एकुलते एक दार. दार केव्हा उघडते, किती उघडते आणि त्याला कसले जाळे लावलेले असते, ह्यावर आत शिरलेल्या पिल्लांचे भवितव्य ठरते. जाळ्याचे भोक बारीक असले तर करंगळीएवढी कोळंबी येते तशी बोटाएवढी कुर्लीही येते. आणि खाडीकडे परत जाऊन प्रौढ होण्याऐवजी ती टोपलीच्या तळाशी चिरडून जाते. बाजारात तिला किंमत नसते. म्हणजे कोणाचाही फायदा न होता नुकसान मात्र होते.

येथे मी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर खेकड्याचा वकील होऊन मी शेतकऱ्याचा शत्रू ठरेन. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांध राखण्याची जबाबदारी गावकऱ्यांच्या जुन्या संस्थांकडून कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी ते काम नीट चालले, पुष्कळ ठिकाणी चालले नाही. मासळीचे भाव वाढले तशी पावणीची रक्कम वाढली, आणि मानस भरतीलाही उघडी ठेवून शेतात खारे पाणी खेळवण्याचा मोह प्रबळ झाला. बांध फुटले, काही फोडले गेले, असे गावोगाव सांगतात. नदीतून जाणाऱ्या खनिजवाहू बार्जेसच्या लाटांनी त्यांत भर घातली. जमीन खारावली, भात गेले, आणि पडीक खाजनात तिवर आपोआप उगवू लागले. गोव्यात कांदळवन वाढले म्हणून आपण जे समाधान मानतो, त्या वाढीचा काही भाग असा कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर उभा आहे.

मग कुर्लीच्या हिताचे काय समजावे? बुडालेले खाजन तिला मानवते, ह्यात शंका नाही. पण जे गाव भात गमावते ते बांधाविषयीची आस्थाही गमावते. आणि आस्था गेलेली जमीन कालांतराने भरावाच्या मातीखाली जाते. भराव पडला की ना भात, ना तिवर, ना कुर्ली. म्हणून माझे मत असे की जिवंत शेती असलेले, मानस नियमाने चालणारे खाजन हेच दीर्घकाळच्या हिशेबात लहान कुर्लीचेही अधिक भरवशाचे घर आहे. ह्या मताशी माझे काही पर्यावरणवादी मित्र सहमत नाहीत. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे: समुद्राची पातळी वाढत आहे, कांदळवनाला मागे सरकायला जागा हवी, आणि बांध ती जागा देत नाही. ह्याचे सरसकट उत्तर माझ्यापाशी नाही. गावागणिक, बांधागणिक ते निराळे असेल.

कायदा काय म्हणतो? किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ साली निघाली, पुढे २०११ व २०१९ साली बदलली. कांदळवने आणि जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे ह्यांना तिने सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातले आहे. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखण्याची तरतूद केली आहे. आणि २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून तेथे विकासकामांना मज्जाव केला आहे. कागद वाईट नाही. पण तो प्रत्येक जागेचे नाव सुटे लिहितो. वन एका रकान्यात, चिखल दुसऱ्या रकान्यात, खाजन तिसऱ्या. कुर्ली मात्र ह्या तिन्ही रकान्यांतून चालत जाते. रस्त्याच्या भरावाखाली एखादी अरुंद नळी टाकून ओहोळ बंदिस्त केला, तर वनाचे एकही झाड न तुटता त्या वनातले कुर्लीचे बालपण संपू शकते.

इतरत्र काय घडले ह्याची दोन उदाहरणे थोडक्यात देतो. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातल्या निळ्या खेकड्याचे पिल्लू रात्रीच्या भरतीवर स्वार होऊन आत येते आणि प्रथम सागरी गवतात राहते. १९७२ च्या ॲग्नेस वादळात त्या गवताचा फार मोठा नाश झाला, आणि पुढे अनेक वर्षे तेथील शास्त्रज्ञ गवत आणि खेकडा ह्यांचे हिशेब एकत्र मांडीत राहिले. दुसरे उदाहरण आशेचे आहे. फिलिपाइन्समधील पनाय बेटावर गावकऱ्यांनी पुन्हा लावलेल्या कांदळवनात आपल्या धाकट्या, तांबूस जातीच्या कुर्ल्या नैसर्गिक वनाच्या तोडीच्या संख्येने आढळल्या. लावलेले वन चालते. मात्र पाण्याची ये-जा मोकळी असली पाहिजे.

हल्ली कुर्लीपालनाचा बोलबाला आहे. कोकणात सिंधुदुर्गाच्या खाड्यांतून पिंजरे लागले आहेत, आणि तामिळनाडूत बीजोत्पादन केंद्र उभे राहिले आहे. पण आज पुष्कळ ठिकाणी पालनासाठी लागणारी पिल्ले खाडीतूनच पकडली जातात, हे विसरता कामा नये. जेथे असे होते तेथे पालन हा खाडीवरचा भार हलका करीत नाही. तो फक्त लहान वयावर सरकवतो.

पहिल्या जून ते एकतीस जुलै ह्या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, ती समुद्रातल्या प्रौढांना उपकारक आहे. मानशीच्या जाळ्याला आणि खाडीतल्या पागाला ती लागू नाही. त्यासाठी गावानेच काही करावे लागेल, आणि ते अवघड नाही. मानशीच्या पावणीच्या करारात दोन अटी घालता येतील: एक, जाळ्याच्या भोकाचे किमान माप, दुसरी, जाळे उपसताना चार बोटांहून लहान कुर्ली जिवंत असतानाच पाण्यात परत टाकण्याची. लहान कुर्ली चिवट असते; ओल्या गवतात ठेवली तर ती तासन्तास जगते, तेव्हा टोपली रिकामी करताना चार मिनिटे काढणे एवढाच ह्या अटीचा खर्च. ह्या वर्षीच्या पावण्या भात कापून झाल्यावर होतील. ज्यांच्या घरची जमीन खाजनात आहे असे पुष्कळ सभासद येथे बसले आहेत. संघाच्या बैठकीला त्यांनी हजर राहावे आणि करार वाचून पाहावा.